मनातल्या पाटावर कोण बसलं

आक्कांकडं मी पहिल्यांदा गेले ते देवासाठी न्हाय, मोबाईलसाठी. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. रंकाळ्याला लागूनच आमची बिल्डिंग, आणि सगळी बिल्डिंग त्यांना आक्काच म्हणायची, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. माहेर त्यांचं तिकडं जयसिंगपूरच्या पुढं, नदीकाठच्या गावात. त्यामुळं बोलता बोलता मधेच कानडी सूर लागायचा आणि वाक्याचं शेपूट वर जायचं. आई म्हणाली आक्कांच्या मोबाईलवर भजनं वाजंनात, जरा बघून ये. गेले, बघितलं, आवाज बंद झालेला, चालू करून दिला. संपलं काम. आणि मग मी तिथंच बसून राहिले. का, ते आजपण मला नीट सांगता येत न्हाय.

दुपार उतरायला लागलेली. त्यांच्या खोलीच्या छतावर तळ्याच्या पाण्याचं प्रतिबिंब पडायचं, म्हणजे छत हलतंय असं वाटायचं, हळूहळू, झोपेत श्वास घेतल्यासारखं. आक्का भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या आणि त्यांचे हात चालले होते. हवेत. मोठे हातवारे न्हायत, अगदी बारीक. काहीतरी ओतल्यासारखं केलं, मग काहीतरी पुसल्यासारखं, मग अनामिका जरा पुढं गेली आणि कुणाच्या तरी कपाळाशी थांबावी तशी थांबली. मला आधी वाटलं त्यांना बरं वाटत न्हाय. आईला बोलवावं का, असा विचार करतेय तोवर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, पूजा झाली, चहा ठेव.

मी चहा ठेवला. साखर कुठं, विचारावं लागलं. तेवढ्यात त्यांनी सांगितलं ते असं, की ही मानसपूजा. सगळी पूजा मनात करायची. पाणी मनातलं, फुलं मनातली, नैवेद्य मनातला. हे त्यांना त्यांच्या गुरूंनी दिलेलं. त्यांच्या लहानपणी गावात पूर आला, घरं पाण्याखाली, देव्हारे पाण्याखाली, सगळ्या बायका शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसलेल्या आणि रडत होत्या की आमचे देव पाण्यात. गावात एक साधूबाबा होते, तेही त्याच व्हरांड्यात भिजून बसलेले. ते म्हणाले, डोळे मिटा आणि करा सुरू. आक्का तेव्हा परकर-पोलक्यात होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणे तेव्हापासून एक दिवस चुकला न्हाय.

मला हे एवढं आवडलं, एवढं आवडलं, की मी जिना चढून वर जाईपर्यंत ठरवून टाकलं, मला पण पाहिजे.

माझं काम म्हणजे दिवसभर लॅपटॉपसमोर. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांशी चॅटवर बोलायचं, एकाच वेळी चार-पाच जणांशी, तुमची अडचण समजली, आम्ही बघतोय, थोडा वेळ द्या. बोटं आपोआप चालतात, डोकं कुठंतरी दुसरीकडं. आपल्याला खरंच कुणाची अडचण समजलीय असं कधी वाटलंच न्हाय. त्यामुळं असेल कदाचित. मला एक गोष्ट पाहिजे होती जी फक्त माझी असेल.

गुरुवारी दुपारी आक्कांकडं मोजक्या बायका यायच्या. पेठ वडगावहून एक काकू बस पकडून यायच्या, तोंडानं फटकळ, पण येताना सगळ्यांसाठी काहीतरी करून आणायच्या. आक्का प्रवचन वगैरे काही द्यायच्या न्हायत. प्रत्येकीनं आठवड्यात पूजा कशी झाली ते सांगायचं, त्या ऐकायच्या. आणि मग कधीतरी, त्यांच्या मनात येईल तेव्हा, त्या एकेकीला नाव द्यायच्या. म्हणजे कानात देवाचं नाव सांगायच्या, एकदाच, आणि ते त्या बाईचं. बाकीच्यांनी विचारायचं न्हाय. वडगावच्या काकूंना मिळालेलं. त्या भाकऱ्या थापताना ते म्हणतात असं त्यांनी सांगितलं, पण काय म्हणतात ते न्हाय सांगितलं.

मला ते नाव पाहिजे होतं. कशासाठीच एवढा हट्ट मी आयुष्यात केला नसेल.

म्हणून मी पूजा करायला लागले. आणि काय पूजा! रोज सकाळी आंघोळ करून खोलीचं दार लावून बसायचे आणि डोळे मिटले की मी थेट जोतिबाच्या डोंगरावर. पण माघातल्या रविवारी आपण खेट्याला चालत चढतो तो डोंगर न्हाय. माझा डोंगर पायथ्यापासून गुलालाचा, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जायचा, आणि वारं आलं की अख्खा डोंगर उडायचा, ढग गुलाबी, कावळे गुलाबी. वर देऊळ सोन्याचं. गाभाऱ्यात मात्र आमच्या अंबाबाईसाठी पाट, मखमलीचा. चांदीचे कलश आपोआप भरून रांगेनं यायचे. कमळं म्हणाल तर एका तळ्यातनं, आणि ते तळं पण देवळाच्या आतच. मी हिरवा चुडा भरून, नऊवारी नेसून, ओल्या केसांनी अभिषेक करायचे. कधी कधी डोळे उघडले तरी काही वेळ खोलीला गुलाबी कड असायची, खरंच सांगते. त्या दिवसात मी चॅटवर पण एवढं गोड बोलायचे की माझ्या टीम लीडरनं विचारलं, काय गं, लग्न ठरलं व्हय?

गुरुवारी मी हे सगळं सांगायचे. बायका ऐकत बसायच्या. वडगावच्या काकू एकदा म्हणाल्या, "हिच्या पूजेला तिकीट लावाय पायजे." सगळ्या हसल्या, मी पण हसले, पण आतून छान वाटलं. आक्का मात्र बरं बरं म्हणायच्या आणि मधेच काहीतरी फालतू विचारायच्या. पाणी गार होतं का कोमट. कमळाला चिखल होता का. पुसलंस कशानं. मला वाटायचं ही परीक्षा हाय, म्हणून पुढच्या वेळी मी पाणी कोमट करायचे, केशर टाकायचे, पुसायला रेशमी पंचा. त्या पुन्हा बरं बरं.

असा अख्खा उन्हाळा गेला, पाऊस पण संपत आला. आणि मग कळलं की आक्का चालल्या. मुलगा बेंगळुरूला असतो, आक्कांचे गुडघे धरलेले, जिना उतरायला दोन माणसं लागायला लागलेली. दसरा झाला की तो येणार आणि घेऊन जाणार. फ्लॅट बंद.

मला एकदम भीती वाटली. माझं नाव राहिलंच की. आमच्या शेजारच्या विंगमधली नवी सून माझ्यानंतर यायला लागलेली, कशीतरी दोन वाक्यात पूजा सांगायची, आज तांब्या सांडला, आज झोप लागली, आणि तिला आक्कांनी नाव देऊन टाकलं होतं! मी त्या दिवशी पार्किंगमध्ये स्कुटीवर बसून रडले. हेल्मेट घालून, म्हणजे वॉचमनला दिसायला नको.

शेवटी मी विचारलंच. आक्का, मला कधी? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, तुझं अजून आलं न्हाय. मी म्हणलं, काय आलं न्हाय? त्या म्हणाल्या, ते तूच सांगशील. आणि पुन्हा तांदळात बोट घातलं.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. आमच्याकडं रविवारी मटण, ते सांगायला नको. मी उशिरा उठलेले, त्यामुळं पूजेला बसेपर्यंत स्वयंपाकघरात मसाला पडलेला. दार लावलं, तरी फटीतनं वास येतोच की. डोंगर चढले, अभिषेक झाला, चांदीचं ताट पुढं केलं, आता त्यात पुरणपोळी यायची. ताटात आली वाटी. वाटीत पांढरा रस्सा. वाफ येतेय. मी मनातच ती वाटी बाजूला सारली, तर तिच्या जागी तांबडा. वर कट, लालभडक. मी ताट बदललं. सोन्याचं घेतलं. त्यात दोन्ही. पोटात कावळे आणि डोळ्यात पाणी, असं माझं झालं. मी ताट उचललं आणि डोळे उघडले. अंबाबाईसमोर मटण! देवीला जिथं आपण पुरणावरनं खाली येत न्हाय, तिथं मी काय नेऊन ठेवलं? जेवायला बसले ते पण नीट गेलं न्हाय. म्हणजे जेवले. पण नीट न्हाय.

गुरुवारी बायकांसमोर मी काही बोलले न्हाय, म्हणलं बरं वाटत नव्हतं, पूजा झाली न्हाय. सगळ्या गेल्यावर थांबले. छतावर पाणी हलत होतं. मी खाली मान घालून सगळं सांगितलं आणि म्हणलं, आक्का, आता प्रायश्चित्त काय ते सांगा, आणि नाव द्यायचं नसलं तर राहू दे.

आक्का हसायला लागल्या. आवाज न करता, अंग हलायचं नुसतं, डोळे पुसत होत्या. मग त्यांनी विचारलं, वास चांगला होता व्हय? मी म्हणलं, व्हय. आईच्या हाताला चव हायच, म्हणाल्या. आणि मग एकदम शांत होऊन विचारलं,

"ताट उचललंस म्हणतीस. कुणाच्या पुढनं उचललंस?"

मी म्हणलं, देवीच्या.

"कशी होती? बघितलीस? रागावली का हसली?"

मी डोळे मिटले, बघू तरी म्हणून. डोंगर होता. देऊळ होतं. मखमलीचा पाट होता. पाटावर कुणीच नव्हतं.

मी मागचं मागचं आठवायला लागले, जेवढ्या पूजा आठवतील तेवढ्या. कलश दिसायचे, पाण्याची धार दिसायची, धार कशावर पडतेय ते दिसायचं न्हाय, नुसता लखलखाट. गंध लावलं, ते कुठल्या कपाळाला? आणि सगळ्यात भारी म्हणजे प्रत्येक पूजेत मला मी दिसत होते. पाठमोरी. चुडा, नऊवारी, ओले केस. जणू कुणीतरी मागं उभं राहून माझा व्हिडिओ काढतंय. एवढे महिने मी स्वतःलाच बघत बसलेले, गुलालाच्या डोंगरावर, एका रिकाम्या पाटासमोर.

आक्कांना मी हे सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात कोरडा आणि गरम असायचा, नुकत्याच निवलेल्या तव्यासारखा.

"मांडव घातलास, जेवणं केलीस," त्या म्हणाल्या, "पावण्यांस्नी बोलवायचंच राहिलं की गं."

पूजेत सगळ्यात आधी आवाहन असतंय, म्हणाल्या. ये म्हणायचं, बस म्हणायचं, मग पाणी, मग बाकी सगळं. हे मला माहीत नव्हतं का? आमच्याकडं गणपतीत गुरुजी येतात तेव्हा पहिलं तेच म्हणतात. पण मनातल्या पूजेला गुरुजी नसतात, आणि मला सजावटीची एवढी घाई.

मग मी बोलवायला लागले. डोंगर सोडला, देऊळ सोडलं, नुसता पाट ठेवला आणि म्हणायला लागले, हे जगज्जननी, यावे. हे करवीरनिवासिनी, आसनस्थ व्हावे. आरतीतनं, लग्नपत्रिकेतनं जेवढे जड शब्द आठवले तेवढे काढले. आणि पाट तसाच. कधी कधी वाटायचं कुणीतरी दाराशी येऊन थांबलंय, पैंजण वाजल्यासारखं, पण आत कुणी येत नव्हतं. नवरात्र तसंच गेलं. रोज देवळाकडं जाणारी गर्दी खिडकीतनं ऐकू यायची, अनवाणी पायांचा तो मऊ आवाज, आणि मी डोळे मिटून बसलेली, या या म्हणत. दसरा झाला. सोनं वाटून झालं. आक्कांचा मुलगा आला.

निघायच्या दिवशी मी सकाळीच खाली गेले. घर ओळखू येईना. खोकीच खोकी. देव्हारा जुन्या लुगड्यात गुंडाळून दोरीनं बांधलेला, आणि देव स्टीलच्या डब्यात, तांदळात पुरून, म्हणजे वाटेत धक्का लागू नये. मुलगा टेंपो आणायला गेलेला. आक्का मोकळ्या फरशीवर, सतरंजीवर बसलेल्या, भिंतीला टेकून. पडदे काढल्यामुळं पाण्याचं प्रतिबिंब छतावरनं भिंतीवर, भिंतीवरनं त्यांच्या अंगावर उतरलेलं. त्या पाण्यात बसल्यासारख्या दिसत होत्या.

डोळे मिटलेले होते. मी दारातच थांबले. पण हात हलत नव्हते. मांडीवर तसेच पडलेले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या,

"आज मला जमंना गं. पाटच दिसंना."

आक्कांना? त्या म्हणाल्या, घर सुटतंय, मन सगळं खोक्यात गेलंय. पुरात पण जमलं होतं, आज जमंना. मग जरा सरकल्या, सतरंजीवर मला जागा केली आणि म्हणाल्या, "तू कर. मोठ्यानं कर. मी ऐकते."

मी बसले. डोळे मिटले. डोंगर आठवायला वेळच नव्हता, टेंपो कधी पण येईल. मला फक्त ती रिकामी खोली दिसत होती, खोकी, दोरीचे तुकडे. मी म्हणलं, आक्का, मी आधी फरशी पुसून घेतली. त्या म्हणाल्या, हं. मी म्हणलं, पाट ठेवला. आमच्या घरातलाच, एका पायाला डुगडुगतो तो. त्या म्हणाल्या, कागदाची घडी घाल खाली. मी घातली. आता बोलवायचं होतं. आणि ते जड जड शब्द, महिनाभर घोकलेले, एक पण तोंडात आला न्हाय. जे आलं ते आलं.

"आई, ये की गं. झालंय सगळं. बस की आता जरा."

हे मी आमच्या आईला म्हणते. आम्ही सगळे जेवायला बसतो आणि ती गॅसपाशी उभी असते, तेव्हा. रोज म्हणते. मला ओशाळल्यासारखं झालं, देवीला असं म्हणतात व्हय. डोळा किलकिला करून आक्कांकडं बघितलं.

त्यांचे हात उठले होते.

मी पुढं म्हणत गेले. पाणी घेतलं, कोमट हाय. त्यांच्या हातानं ओतलं. पाय धुतले. पुसले, आईच्या जुन्या सुती साडीच्या फडक्यानं. गंध लावलं. त्यांची अनामिका पुढं गेली आणि थांबली, आणि या वेळी ती कुठं थांबली ते मला दिसलं. कसं दिसलं विचारू नका. चेहरा न्हाय, नुसतं कपाळ, घामेजलेलं, कामातनं आत्ताच उठून आलेल्या बाईचं असतं तसं. नैवेद्याला काय, तर आक्कांच्या प्रवासाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तेच मनात वाढलं. मी म्हणत होते आणि त्या करत होत्या, का त्या करत होत्या आणि मी म्हणत होते, पूजा नक्की कोण करत होतं ते मला कळंना झालं. भिंतीवर पाणी हलत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

खाली टेंपोचा हॉर्न वाजला. आक्कांनी डोळे उघडले. ओले होते, पण चेहरा असा, जसा आंघोळ करून आल्यावर लहान पोरांचा असतो.

मी घाईघाईनं विचारलं, आता विचारलं न्हाय तर संपलं. आक्का, माझं नाव?

"मघाशी काय म्हणलीस?"

मी म्हणलं, ते? ते नाव थोडंच हाय. ते मी घरी पण म्हणते.

"मग देवाला वेगळं कशाला बोलायचं? तेच म्हण. आज मी त्याच्यावर पूजा केली, मला काय कमी पडलं न्हाय."

आणि मुलगा वर आला, खोकी उचलायला माणसं आली, डबा सांभाळा, डबा सांभाळा, असं सगळं सुरू झालं. मी आणि मुलानं मिळून आक्कांना जिना उतरवला. प्रत्येक पायरीला त्या मला टेकत होत्या. टेंपो पुढं गेला, मागनं त्यांची गाडी. त्यांनी खिडकीतनं हात केला, तो पण बारीकच, पाणी ओतल्यासारखा.

खरं सांगू, त्या दिवशी मी नाराज झाले. मला वाटलेलं कानात काहीतरी संस्कृत येईल, अंगावर काटा येईल, नारळ ठेवीन, नवी साडी नेसीन. वडगावच्या काकूंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, गाडी दारात उभी म्हणून तुला घाईत उरकलं बघ. असेल पण. मी भांडले न्हाय. पण बिचाऱ्या काकू मला समजवायला म्हणून म्हणाल्या, माझं देऊ का तुला अर्धं? मग आम्ही दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बसवंना. खाली आक्कांच्या दाराला कुलूप लावलेलं, त्याच्यापुढनं मी रंकाळ्यावर गेले. थंडी पडायला लागलेली, तळ्यावर धुकं असं जाड की पलीकडचा काठच न्हाय, पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळत न्हाय. फिरायला आलेली माणसं धुक्यातनं निघायची आणि धुक्यात जायची. मी एका बाकावर बसले. ओल्या बाकावर, मधोमध. डोळे मिटले. पाट मांडला न्हाय, पाणी घेतलं न्हाय, काहीच केलं न्हाय. नुसतं म्हणलं. ये की गं. बस की आता जरा. हळू, ओठातल्या ओठात.

आणि म्हणल्यावर माझं मलाच कळलं की मी मधे बसलेय. बोलवलंय तर जागा नको व्हय? मी सरकले. ओढणीनं शेजारची फळी पुसली, दव होतं. आणि तशीच बसून राहिले, डोळे मिटून, हात मांडीवर. कुठंतरी पाण्यात बदक फडफडलं. काठावर कुणाचे तरी पाय वाजत आले, सावकाश, एक पाय जरा ओढत, आणि माझ्यापाशी येऊन थांबले.

"बसू व्हय, बाळ?" कुणीतरी दमलेल्या आवाजात विचारलं.

डोळे न उघडताच मी म्हणलं, "बसा की."

बाक जरा हलला. शेजारी ऊब आली.